अंड्यावरचा गरुड

कोंबडी खुडूक झाली की घरातल्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही. पिसं फुलवून ती कोपऱ्यात बसते, हात लावला तर टोचते, दाण्याकडंही धड बघत नाही. मग टोपलीत भुसा घालायचा, दहा-बारा अंडी तिच्या पोटाखाली सरकवायची आणि एकवीस दिवस मोजायचे. खेड्यात वाढलेल्या माणसाला उबवणं म्हणजे काय हे एवढ्यावरनंच कळलेलं असतं. म्हणून गरुडाची गोष्ट सांगायला मी कोंबडीपासनं सुरुवात करतोय. दोघींच्या बसण्यात फरक बराच आहे, आणि पुढचा सगळा इतिहास त्या फरकाभोवतीच घडलेला आहे.

गरुड म्हणजे इथं अमेरिकेतला पांढऱ्या डोक्याचा गरुड. इंग्रजीत त्याला ‘बाल्ड ईगल’ म्हणतात आणि काही जण त्याचं सरळ ‘टकला गरुड’ करून टाकतात. पण त्याच्या डोक्यावर पिसं भरपूर असतात; जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पांढरा असा होता. हा मासेखाऊ पक्षी. आपल्या कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड दिसतो, तो त्याच्या जवळच्या भाऊबंदांपैकी. नदी, तळं, समुद्र जिथं असेल तिथं उंच झाड धरून हा अमेरिकेतला गरुड काटक्यांचं घरटं बांधतो, आणि एकदा बांधलं की वर्षानुवर्षं तेच वापरतो. दर हंगामात वर नवा थर. असं करत करत घरटं वाढत जातं. फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गजवळ एक घरटं १९६३ साली मोजलं, ते साडेनऊ फूट रुंद आणि वीस फूट खोल भरलं. वजनाचा अंदाज दोन टनांच्या वर. म्हणजे आपल्याकडची कडब्याची एक बरी गंजीच झाडाच्या शेंड्याला टेकवलेली.

या एवढ्या गंजीच्या मधोमध एक वाटीसारखी खळगी असते. तिच्यात मऊ गवत, शेवाळ असलं काहीबाही. आणि त्यात दोन अंडी. कधी एक, कधी तीन, पण बहुतेक वेळा दोनच. मळकट पांढरी, कोंबडीच्या अंड्याच्या साधारण दुप्पट वजनाची. इतक्या थोर पक्ष्याचं अंडं बघून माणूस निराशच व्हायचा.

कोंबडी एक हुशारी करते. रोज एक अंडं घालते, पण सगळी घालून होईस्तोवर त्यांच्यावर बसत नाही. न उबवलेलं अंडं आतल्या आत थांबून राहतं. नंतर सगळ्यांना एकदम ऊब मिळते आणि सगळी पिल्लं एका दिवसाच्या आगंमागं बाहेर पडतात. गरुडाची मादी असं थांबत नाही. पहिलं अंडं पडलं की तिथनंच बैठक सुरू. दुसरं अंडं दोन-चार दिवसांनी येतं, त्यामुळं दुसरं पिल्लूही तेवढंच मागं राहतं. थोरलं तोवर अंगानं सुधारलेलं असतं आणि माशाचा तुकडा आधी त्याच्याच चोचीत जातो. मासळी भरपूर असेल तर दोन्ही जगतात, नसेल तर धाकट्याचं खरं नसतं. निसर्गात वाटणी समान होत नाही, हे भाऊबंदकी पाहिलेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

दुसरा फरक असा की कोंबडा उबवायला बसत नाही. तो उकिरड्यावर आरवत फिरतो. गरुडाचा नर मात्र पाळी घेतो. मादी जास्त बसते, रात्री तर बहुधा तीच. पण दिवसा तिला पाय मोकळे करायला, खायला जायचं झालं की नर येऊन अंड्यांवर बसतो. काही वेळा मादी उठायला तयार नसते आणि नर बाजूला ताटकळत उभा राहतो. एरवी तो मासे आणून देतो, घरट्यात नवी काटकी, गवताचा झुबका आणून ठेवतो. असं सुमारे पस्तीस दिवस चालतं.

नुसतं अंगाखाली घेतलं की अंडं उबवतं असंही नाही. पिसं ही ऊब अडवणारी गोष्ट आहे. त्यांनी आपली ऊब आत राहते, तशीच ती अंड्याला मिळायची पण अडते. म्हणून अंडी घालायच्या सुमाराला पोटावरची थोडी पिसं गळून तिथली कातडी उघडी पडते. त्या कातडीखाली रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. बसताना गरुड अंग डावीकडं-उजवीकडं हलवतो, ते ही उघडी कातडी नेमकी अंड्याला टेकावी म्हणून. तिथनं रक्ताची ऊब सरळ कवचाला लागते. आपल्याकडं खुडूक कोंबडीला उचलून पाहिलं तर पोटाखाली हाताला गरम, उघडं लागतं, ते हेच.

अंडी मधनंमधनं फिरवावी लागतात, नाहीतर आतला जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून बसतो. एवढी वाकडी, मांस फाडणारी चोच, पण गरुड तिच्यानं अंडं असं हळूच सरकवतो की बघत राहावं. पायांचं तर त्याहून नवल. माशाच्या अंगात रुतणाऱ्या त्या नख्या अंड्यांजवळ आलं की तो मुठीसारख्या आत वळवून घेतो आणि बोटांच्या पाठीवर डुलत डुलत चालतो. नखाचा एक ओरखडा बसला तरी खेळ संपला, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

फ्लोरिडात ही अंडी हिवाळ्यात पडतात. तिथं थंडीइतकीच उन्हाची काळजी. दुपारी गरुड कधी अंड्यांवर नुसता पंख सैल सोडून सावली धरून उभा असतो. उत्तरेकडं याच्या उलट; तिथं बसलेल्या मादीच्या पाठीवर बर्फ साचत जातो, फक्त डोकं वर राहतं, पण ती उठत नाही. अलीकडं अशा घरट्यांवर कॅमेरे लावलेले आहेत, त्यामुळं जगभरातल्या लोकांनी हे डोळ्यांनी पाहिलंय. कॅलिफोर्नियात बिग बेअर इथलं एक जोडपं २०२४ साली तीन अंड्यांवर दिवस उलटून गेले तरी बसूनच राहिलं होतं. अंडी फुटली नाहीत. पुढच्या वर्षी त्याच जोडप्याच्या तिन्ही अंड्यांतनं पिल्लं आली.

कवचाचं काम मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण गाडं पुढं तिथंच अडलं. कवच म्हणजे जवळजवळ चुनाच. त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. आतल्या जिवाला हवा त्यांतनं मिळते आणि अंड्यातलं पाणी थोडं थोडं त्यांतनंच उडून जातं. पाणी ठरल्या बेतानं उडालं तरच अंड्याच्या बोथट टोकाला हवेची पोकळी तयार होते आणि बाहेर पडण्याआधी पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. कवच फार जाड असून चालत नाही, पिल्लाला ते आतनं फोडायचं असतं. फार पातळ असूनही चालत नाही. वरनं चार-पाच किलोचा पक्षी पस्तीस दिवस बसणार असतो.

आपल्या पुराणातही गरुडाची दोनच अंडी आहेत. महाभारताच्या आदिपर्वातली कद्रू-विनतेची गोष्ट कीर्तनात कितीदा ऐकलेली. कद्रूनं हजार अंडी मागितली, विनतेनं दोन. पाचशे वर्षांनी कद्रूच्या अंड्यांतनं नाग निघाले, पण विनतेची अंडी तशीच. तिला धीर निघेना. तिनं एक अंडं हातानं फोडलं, तर आत अर्धं अंग घडलेला अरुण. त्यानं आईला शाप दिला आणि दुसऱ्या अंड्याला आणखी पाचशे वर्षं थांब म्हणून सांगितलं. त्या दुसऱ्यातनं गरुड आला. अंडं वेळेआधी फुटलं तर काय होतं हे सांगायला याहून थेट गोष्ट मला ठाऊक नाही. मात्र विनतेनं निदान आपल्या हातानं फोडलं होतं. फ्लोरिडातल्या माद्यांनी काहीच वावगं केलं नव्हतं. त्या नेहमीसारख्या बसल्या होत्या.

त्यांच्याकडं लक्ष गेलं ते एका निवृत्त बँकवाल्याचं. चार्ल्स ब्रोली हा कॅनडातल्या विनिपेगचा बँक मॅनेजर. निवृत्तीनंतर थंडीचे महिने फ्लोरिडात काढायला तो निघाला, तेव्हा ऑडुबॉन सोसायटीच्या रिचर्ड पाऊ यांनी त्याला सुचवलं की जातोयस तर गरुडाच्या काही पिल्लांच्या पायात वाळे घाल, ती पुढं कुठं जातात ते तरी कळेल. १९३९ साली, साठीला टेकलेला हा माणूस दोरीची शिडी घेऊन झाडं चढायला लागला. साठ-साठ, ऐंशी-ऐंशी फूट उंचीची पाईनची झाडं. आपल्याकडं या वयाला माणूस पारावर बसतो, किंवा मुलगा विचारत नाही म्हणून कुरकुरत असतो. हा वर चढून, खवळलेल्या पिल्लाचा पाय धरून त्यात नंबराचं वाळं अडकवून खाली उतरायचा. पुढच्या दहा वर्षांत त्यानं हजाराच्या वर पिल्लांना वाळी घातली. त्याआधी समजूत अशी होती की फ्लोरिडाचे गरुड तिथंच राहतात. वाळी घातलेले पक्षी उन्हाळ्यात शेकडो मैल उत्तरेला, थेट कॅनडापर्यंत सापडले, तेव्हा ती समजूत गेली.

पण ब्रोलीचं खरं मोल या शोधात नाही असं मला वाटतं. तो दरवर्षी त्याच किनाऱ्यावरची तीच घरटी बघायचा आणि लिहून ठेवायचा, त्यात आहे. १९४७ पासनं त्याच्या वहीतले आकडे बिघडायला लागले. काही घरट्यांत अंडीच नाहीत. काहींत अंडी आहेत, पण पिल्लं नाहीत. जोडपी मात्र तिथंच. घरटं दुरुस्त करतायत, बसतायत, उठतायत. १९५२ ते १९५७ या काळात पाचांतली चार घरटी रिकामी गेली. १९५८ साली शंभर मैलांचा किनारा पालथा घातल्यावर त्याला वाळं घालायला एक पिल्लू मिळालं. एकच. जिथं पूर्वी एका हंगामात शंभराच्या वर मिळायची.

पेनसिल्वेनियात हॉक माउंटन नावाचा एक डोंगर आहे. स्थलांतर करणारे शिकारी पक्षी त्याच्यावरनं जातात आणि तिथं दरवर्षी त्यांची मोजणी होते. गरुडाचं डोकं चार-पाच वर्षांनी पांढरं होतं, तोवर तो तपकिरी असतो. त्यामुळं तरणा कोण आणि जाणता कोण हे लांबनंही कळतं. १९३५ ते १९३९ मध्ये तिथनं जाणाऱ्या दहा गरुडांत चार तरणे असायचे. वीस वर्षांनी दहात दोन, आणि १९५७ साली तर बत्तीस पांढऱ्या डोक्यांमागं एकच तपकिरी. आकाशात गरुड दिसत होते, म्हणून सगळं ठीक आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटत होतं. आपल्याकडच्या कितीतरी वाड्या-वस्त्यांचं असंच आहे. दाराशी माणूस बसलेला दिसतो, चूल पेटलेली असते. शाळेच्या पटावर नाव नसतं, तेव्हा कळतं.

ब्रोलीनं आपला संशय मरायच्या आदल्या वर्षी, १९५८ साली, छापून मांडला. त्याचं बोट डीडीटीकडं होतं. रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात ब्रोलीचे आकडे घेतले आणि ते जगभर गेले.

आता या डीडीटीचं सांगायला हवं, आणि ते सांगताना मला अमेरिकेत राहता येत नाही, आमच्या घराच्या भिंतीजवळ यावं लागतं.

ही भुकटी प्रयोगशाळेत १८७४ सालीच तयार झाली होती, पण ती किडे मारते हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांच्या ध्यानात आलं १९३९ साली. म्हणजे ज्या वर्षी ब्रोली झाडावर चढायला लागला त्याच वर्षी. महायुद्धात सैनिकांच्या उवा तिनं मारल्या, नेपल्स शहरातली टायफसची साथ आटोक्यात आणायला ती कामी आली. १९४८ साली म्युलरना नोबेल मिळालं, तेही वैद्यकशास्त्राचं. त्याबद्दल आज नाक मुरडणारे लोक मला भेटतात. त्यांच्या घरात बहुतेक हिवतापानं कुणी गेलेलं नसतं.

आपल्या देशात स्वातंत्र्याच्या सुमाराला वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख त्यात जायचे, असा अंदाज होता. आडवड्यातली मळणी खोळंबायची, कारण घरातली चार माणसं गोधड्या पांघरून कुडकुडत पडलेली. ‘पाळीचा ताप’ असं आमच्याकडं म्हणायचे. एक दिवसाआड, ठरल्या वेळेला यायचा. त्या वेळच्या मुंबई इलाख्यात कारवार आणि धारवाड हे जिल्हे होते. तिथल्या खेड्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ साली घराघरांत डीडीटी फवारायचा मोठा प्रयोग केला, तो यशस्वी झाला. १९५३ साली देशभर कार्यक्रम सुरू झाला. १९६५ पर्यंत रुग्णांचा आकडा लाखाच्या आसपास खाली आला. साडेसात कोटींवरनं लाखावर. हा आकडा मी दोनदा लिहितोय, कारण पुढं जे सांगायचंय त्यानं हा पुसला जात नाही.

फवारणीवाले आमच्याकडं पावसाच्या तोंडावर यायचे. खाकी कपडे, बादली, पाय रोवून हातानं मारायचा पंप. एक जण पंप हाणायचा, दुसरा नळी घेऊन आढं, तुळ्या, भिंती ओल्या करत जायचा. त्याआधी भांडीकुंडी, पिठाचे डबे, पाळणा सगळं अंगणात. वाळल्यावर भिंतीवर पांढुरकी झाक राहायची आणि दारावर तारखेची खूण. पहिल्या-पहिल्यांदा ढेकूणही मेले, त्यामुळं बायका खूश. दोन-तीन वर्षांत ढेकणांनी दाद द्यायचं सोडलं. मग आजी फवारणीवाल्याची पाठ वळली की शेणाचा बोळा घेऊन भिंत सारवायला घ्यायची. पांढरी भिंत तिला सुतकी वाटे. औषधावर शेण फासू नका म्हणून ते बिचारे सांगून थकायचे. सरकारी कागदांतही ही तक्रार गावोगावची आहे. डासांनीही पुढं ढेकणांचाच मार्ग धरला, कार्यक्रमात ढिलाई आली, आणि १९७६ साली रुग्णांचा आकडा पुन्हा चौसष्ट लाखांवर गेला. ती एक वेगळीच कथा आहे.

घराच्या आतली भिंत आणि उघडं रान यांत मात्र फरक करायला हवा. भिंतीवर बसलेलं औषध बरंचसं भिंतीवरच राहतं. अमेरिकेत ते विमानातनं जंगलांवर, पिकांवर आणि फ्लोरिडात खाऱ्या दलदलीवर डासांसाठी टनावारी पडत होतं. आपल्याकडंही कापसावर, भाजीवर ते गेलंच. पाण्यात गेलेलं डीडीटी विरघळत नाही, चरबीत साठतं. शेवाळातनं किड्यात, किड्यातनं लहान माशात, लहान माशातनं मोठ्या माशात, आणि दर पायरीला अंगातला साठा वाढत जातो. शेवटच्या पायरीवर मासेखाऊ गरुड. तो त्यानं सहसा मरत नव्हता, आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मेलेला पक्षी दिसतो. न जन्मलेला कसा दिसणार?

घरट्यात नेमकं काय होतंय हे कळलं ते इंग्लंडात, आणि तेही उलट्या रस्त्यानं. तिथल्या कबुतरं पाळणाऱ्यांची तक्रार होती की बहिरी ससाणे फार माजलेत, आमची शर्यतीची कबुतरं खातात. म्हणून १९६१ साली डेरेक रॅटक्लिफ यांना ससाण्यांची गणती करायचं काम दिलं. गणतीत निघालं भलतंच: ससाणे झपाट्यानं संपत चालले होते. रॅटक्लिफनी घरट्यांत फुटकी अंडी पूर्वीच पाहिली होती. आई आपलीच अंडी फोडून खाते की काय, अशी शंका त्या काळी घेतली जायची. त्यांनी वेगळा विचार केला. जुन्या आणि नव्या अंड्यांची कवचं तोलून पाहू या.

आणि जुनी अंडी मिळाली कुठं? अंडीचोरांकडं. चोर म्हणणं जरा कडक होईल, पण गोऱ्या लोकांत पक्ष्यांची अंडी जमवायचा एक छंद होता. घरटी लुटायची, अंड्याला बारीक भोक पाडून आतलं काढून टाकायचं, आणि रिकामं कवच तारखेच्या चिठ्ठीसह कपाटात मांडायचं. या छंदानं पक्ष्यांचं नुकसान झालं यात शंका नाही. पण पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वर्षांची कवचं तारखेनिशी जपून ठेवलेली जगात दुसरी कुठंच नव्हती. रॅटक्लिफनी कवचाचं वजन घेतलं, त्याला लांबी-रुंदीच्या गुणाकारानं भागलं आणि साल लावून मांडलं. १९४७ च्या सुमारापर्यंत आकडे सपाट, आणि तिथनं एकदम घसरण. १९६७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी अमेरिकेत जोसेफ हिकी आणि डॅनियल अँडरसन यांनी तिकडच्या संग्रहालयांतली कवचं मोजली. गरुड, ससाणा, मीनखाई घार, सगळ्यांचं तेच. फ्लोरिडातल्या गरुडाच्या अंड्याचं कवच सुमारे पाचव्या हिश्श्यानं उणावलं होतं. ब्रोलीच्या वहीतलं १९४७ आणि इंग्लंडच्या कपाटांतलं १९४७ एकाच जागी येऊन मिळालं.

डीडीटी अंगात गेल्यावर त्याचं डीडीई नावाचं द्रव्य होतं. पक्षिणीच्या पोटात जिथं अंड्यावर कवच चढतं तिथं रक्तातला चुना पुढं ढकलणारी यंत्रणा असते. डीडीई ती मंदावतं. अंडं बाहेर यायची वेळ झाली की येतं, पण चुना पुरता चढलेला नसतो. दिसायला तेच, मळकट पांढरं. मादी त्याच्यावर बसते, अंग हलवून पोटाची उघडी कातडी टेकवते, नख्या आत वळवून घेते. सगळं जसंच्या तसं. आणि तिच्या त्या बसण्यानंच अंडं चेपतं. जे चेपत नाही त्यातलं पाणी पातळ कवचातनं भराभर उडून आतला जीव सुकतो.

आमची आजी असती तर म्हणाली असती, कोंबडीला चुन्याची निवळी पाजा. मऊ कवचाचं अंडं आलं की ती टरफलं भाजून, कुटून दाण्यात मिसळायची, आणि अंडी सुधारायची. गरुडाला ते लागू नव्हतं. चुना रक्तात होता, पुढं जात नव्हता. आणि इथंच कोंबडीची दुसरी गोष्ट निघते. डीडीईनं कवच पातळ होणं हे सगळ्या पक्ष्यांत सारखं नसतं. गरुड, ससाणे, पाणकोळी यांच्यावर ते फार होतं; कोंबडीच्या जातीवर जवळजवळ होतच नाही. म्हणजे फवारलेल्या भिंतीखाली आमच्या कोंबड्या दिवसभर टिपत फिरल्या, खुडूक बसल्या, एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन उठल्या. आमच्या डोळ्यांसमोर जे अंडं होतं त्यानं काहीच सांगितलं नाही. जे सांगत होतं ते ऐंशी फुटांवर होतं, आणि तिथं चढणारा ब्रोली आमच्याकडच्या वडा-आंब्यांवर कुणी नव्हता. आपल्या गरुडांची त्या वर्षांतली कवचं कुणी रांगेनं मांडून ठेवलेली नाहीत.

अमेरिकेनं १९७२ साली शेतीवरचा डीडीटीचा वापर बंद केला. त्याच्या आधीची दहा वर्षं कारखानदारांनी जी आरडाओरड केली ती सगळीकडं होते तशीच होती, तिच्यात वेळ घालवत नाही. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या अमेरिकेत गरुडांची पाचशे जोडपीही उरली नव्हती. २००७ साली ती दहा हजारांच्या जवळ गेली आणि धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतनं गरुडाचं नाव काढलं. २०२१ साली सांगितलेला आकडा एकाहत्तर हजार जोडप्यांचा.

हे सगळीकडं आपोआप झालं नाही. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यासमोर सांता कॅटालिना नावाचं बेट आहे. किनाऱ्यावरच्या एका डीडीटीच्या कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं गटारातनं त्या समुद्रात गेलेलं. तिथल्या बेटांवरनं गरुड १९६० च्या सुमाराला नाहीसे झाले. १९८० पासनं दुसरीकडची पिल्लं आणून कॅटालिनावर सोडली. ती मोठी झाली, जोड्या जमल्या, घरटी बांधली, आणि १९८७ साली पहिली अंडी आली. फुटली. बंदी येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण समुद्राच्या तळातला गाळ बंदी वाचत नाही.

मग तिथल्या पक्षीतज्ज्ञांनी जे केलं ते वाचताना मला आमच्या खुडूक कोंबडीच्या टोपलीची आठवण झाली. आम्ही तिच्याखाली बदकाची अंडी ठेवायचो, ती बसायची. यांनी कड्यावरच्या घरट्यात जाऊन गरुडाची पातळ कवचाची अंडी अलगद काढली आणि त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवली. गरुड त्या खोट्या अंड्यांवर बसून राहिले. नर पाळी घेत राहिला, मासे आणत राहिला. खरी अंडी यंत्रात ठेवली, हवेतला ओलावा मोजून-मापून, म्हणजे पाणी जास्त उडू नये. ज्या अंड्यातनं पिल्लू निघालं ते परत नेऊन घरट्यात ठेवलं आणि खोटं अंडं काढून घेतलं. जोडप्यानं त्या पिल्लाला विनातक्रार आपलं म्हटलं. १९८९ पासनं जवळजवळ वीस वर्षं माणसं हे दर हंगामाला करत राहिली.

२००६ साली शेजारच्या सांताक्रूझ बेटावर एका घरट्यातली अंडी कुणी काढली नाहीत. ती आपल्या आईच्या पोटाखाली फुटली, आतनं. पुढच्या वर्षी कॅटालिनावरही दोन घरट्यांत तसंच झालं, आणि खोटी अंडी ठेवायला वर जाणं नंतर बंद झालं.

भारतात शेतीसाठी डीडीटी १९८९ साली बंद झालं. हिवताप आणि काळा आजार यांच्या फवारणीसाठी ते पुढंही चालू राहिलं. कोकणात समुद्री गरुडाच्या घरट्यांची मोजणी आता चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं केलेली आहे. घरटी बहुतेक गावालगतच्या, किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर, कुणाच्या तरी वाडीत. झाडाचा मालक झाड राखेल तोवर तिथं दर हिवाळ्यात दोन अंडी पडतात, आणि नर-मादी पाळी धरून बसतात.